पहिली बासरी: नागपूरच्या बर्डी बाजारातल्या दुकानात शिरण्याआधी

वाद्यांच्या दुकानात जाऊन "शिकायला एक बासरी द्या" म्हटले की काउंटरवर बहुतेक वेळा सी नॅचरल, म्हणजे पांढरी एक पट्टीची बासरी येते. १८-१९ इंच लांब, लाल-काळ्या दोऱ्यांची, नवी चकचकीत. ती वाईटच असेल असे नाही. पण ती क्लासमध्ये चालेल का, मुलाची बोटे तिच्यावर पुरतील का आणि मुळात ती सुरात आहे का, याची उत्तरे दुकानदाराकडे नसतात. पहिल्या दोन प्रश्नांचा निकाल घरीच लावून निघायचे, तिसऱ्याचा दुकानात उभे राहून. लोक नेमके उलटे करतात: आधी रंग आणि दोरे बघतात, मग भाव करतात आणि बासरी घरी आणल्यावर गुरुजींना फोन लावतात.

आधी पट्टी

पहिला फोन गुरुजींना करा आणि एकच विचारा: क्लासमध्ये कोणत्या पट्टीच्या (म्हणजे सा कोणत्या सुरावर असलेल्या) बासऱ्या वाजतात? आठ पोट्टे एकाच तानपुऱ्यावर पलटे (सरावाच्या स्वररचना) वाजवतात. बाकी सगळे पांढरी पाचमध्ये आणि तुमचा एकटा पांढरी एकमध्ये असेल, तर त्याची बासरी कितीही सुरेल असली तरी तिथे ती बेसूरच. काही गुरुजी पांढरी पाचवर सुरू करून वर्षभराने पांढरी तीनवर नेतात, काही मोठ्या माणसाला थेट पांढरी तीनच देतात, लहान मुलांना काही जण पांढरी एक किंवा दोन देतात. प्रत्येकाची कारणे आहेत. त्यात आपले डोके चालवू नये.

गोंधळ भाषेचाही आहे. गुरुजी हार्मोनियमच्या पट्ट्यांत बोलतात, दुकानदार इंग्रजी अक्षरांत. पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन डी, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, पांढरी पाच जी, पांढरी सहा ए. काळी एक म्हणजे सी शार्प. दुकानात जाताना दोन्ही नावे चिठ्ठीवर लिहून न्या.

आणि सोबत इंचही लिहा, कारण नुसत्या अक्षरावर फसगत होते. "ई" म्हणजे मंचावर दिसते ती २९-३० इंची ई बेस, आणि "ई" म्हणजे १४-१५ इंची छोटी, एक सप्तक वरची बासरीही. ऑनलाइन मागवताना ही चूक नेहमीची आहे. साधारण लांबी अशी: ई बेस २९ ते ३० इंच, जी २४ ते २५, ए २१ ते २२, सी १८ ते १९. बनवणाऱ्यागणिक अर्धा-पाऊण इंच इकडे-तिकडे होतो, त्याने बिघडत नाही.

दुसरी फसगत नावाच्या पद्धतीची. हिंदुस्थानी पद्धतीत वरची तीन छिद्रे बंद केली की सा, आणि त्या सा वरून बासरीचे नाव. सहाही बंद केली की मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प. पण सिनेमाची गाणी स्वतःच्या मनाने वाजवणारे बरेच जण सहा बंदला सा धरतात (तसे धरले की सगळे शुद्ध स्वर सरळ बोटांनी निघतात, म्हणून), आणि काही विक्रेते त्याच हिशेबाने नाव देतात. मग तीच ई बेस त्यांच्या यादीत "बी" होते. म्हणून अक्षर विचारूच नका. "दादा, वरची तीन बंद केल्यावर कोणता सूर येतो?" एवढेच विचारा. याचे उत्तर ज्याला देता येत नाही, त्याच्याकडे घेऊ नका.

छिद्रेही मोजा. फुंकीचे एक आणि बोटांची सहा, ही आपली बासरी. खालच्या टोकाकडे सातवे असू शकते; लांब बासरी शास्त्रीय मंचावर आणणाऱ्या पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांच्यापासून ते रुळले. बोटांची आठ छिद्रे आणि जाड भिंत दिसली तर ती कर्नाटक पद्धतीची वेणू. वाद्य उत्तम, पण तिची बोटे वेगळी, सा दोन बंदवर. आणि शिट्टीसारखे तिरपे तोंड असलेला उभा पावा फुंकला की लगेच वाजतो, मूल खूश होते, पण फुंक घडवण्याचे काम त्यात होतच नाही. फुटाळा तलावावर काठीला लावून विकतात त्यातला एखादा खेळायला जरूर घ्या. शिकायला नको.

मग हात

मंचावर सगळे लांब बासरी वाजवताना दिसतात, म्हणून पालकांना तीच हवी असते. मुलाचा हात काय म्हणतो ते आधी पाहा. त्यासाठी दुकानात जायला नको. वर्तमानपत्राची दोन पाने घट्ट गुंडाळून अंगठ्याएवढी जाड नळी करा, सेलोटेप लावा. त्यावर स्केचपेनने तीन ठिपके काढा: सी साठी एकमेकांपासून सव्वादोन ते अडीच सेंटीमीटरवर, जी साठी तीनच्या आसपास, ई बेससाठी साडेतीन ते चार. ही खालच्या हाताची छिद्रे, आणि त्रास तिथेच होतो. आता तर्जनी, मधले बोट आणि अनामिका ठिपक्यांवर ठेवायला सांगा. बोटांची टोके नकोत, पेराचा मांसल भाग हवा, बोटे जवळजवळ सपाट. एक मिनिट तसेच धरून तर्जनी एकटी वर-खाली करायची. अनामिका जागची हलली, मनगट वळले किंवा खांदा वर गेला, तर ती बासरी अजून मोठी आहे.

वय फार सांगत नाही, हात सांगतो. तरी अंदाज हवा तर: आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सी किंवा डी, अकरा-बारापासून ए, चौदा-पंधराच्या पुढे आणि बहुतेक मोठ्या माणसांना जी. गुरुजींनी पट्टी सांगितली नसेल किंवा गुरुजी अजून ठरलेच नसतील, तर मोठ्या माणसाने जी पट्टीची घ्यावी असे आमचे स्पष्ट मत आहे. तिच्यात मंद्र सप्तक भरते, बोटे फाटत नाहीत आणि सहा-आठ महिन्यांनी ई बेस हातात आली की परकी वाटत नाही. सीवरून थेट ई बेसवर जाताना मात्र हात पुन्हा पहिल्यापासून बसवावा लागतो.

दुकानात: सूर तपासणे

फोनवर ट्यूनरचे (सूर मोजून दाखवणारे) एखादे मोफत ॲप घ्या आणि त्यात ए बरोबर ४४० हर्ट्झ ठेवा. आता महत्त्वाचे: स्वतः नवशिके असाल तर स्वतः वाजवून तपासू नका. ओठ किंचित आत-बाहेर झाले किंवा फुंकीचा कोन बदलला तरी सूर २०-३० सेंट सहज सरकतो (१०० सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधले अंतर). वाजवता येणारे कोणी सोबत न्या. कोणीच नसेल तर दुकानदाराला वाजवू द्या, पण फोन तुमच्या हातात आणि पडदा तुमच्याकडे. पडदा समोर दिसला की वाजवणारा नकळत ओठ वळवून सूर जागेवर आणतो, आणि मग बासरी नाही, त्याचे कसब तपासले जाते.

थंड बासरीवर तपासणी करू नका. दोन-तीन मिनिटे फुंकून गरम होऊ द्या. मग बासरी जी पट्टीची (पांढरी पाच) असेल तर हा क्रम:

१. वरची तीन बंद, मध्य सा. ट्यूनरवर जी दिसायला हवा, काटा मधोमध किंवा १० सेंटच्या आत.
२. ओठ न हलवता सहाही बंद, मंद्र प. डी यायला हवा, तोही १० सेंटच्या आत. हा सूर दमदार आला की अर्धी परीक्षा झाली.
३. वरून पाच बंद ध, चार बंद नी, दोन बंद रे, एक बंद ग.
४. पुन्हा तीन बंद, जोर वाढवून तार सा (वरच्या सप्तकातला). मध्य सा जिथे होता तिथेच काटा हवा.

तिसऱ्या पायरीला घाई करू नका. ग, ध आणि नी ट्यूनरवर १० ते १५ सेंट खाली दिसले तर तो दोष नव्हे. ट्यूनर हार्मोनियमच्या समान अंतरांवर चालतो. तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार त्याच्यापेक्षा १४ सेंट उतरलेला असतो. चांगला बनवणारा ग तिथेच ठेवतो. याउलट सा आणि प यांना सूट नाही.

सगळेच स्वर सारखे चढलेले असतील, समजा प्रत्येक १५ सेंट वर, तर मे महिन्यात तेही चालेल. हवा तापली की सूर चढतो, अंशाला सुमारे तीन सेंट. बाहेर ४५ अंश आणि दुकानात ३८ असताना बासरी वर बोलणारच. जानेवारीच्या सकाळी तीच खाली जाईल. फुंक स्वतःच कोमट असल्याने प्रत्यक्षात फरक याहून कमी पडतो, पण पडतो. तानपुऱ्याचे ॲप तेवढे वर-खाली करून काम भागते. जो फरक भागत नाही तो असमान फरक: सा बरोबर, रे २५ वर, ध ३० खाली. अशी बासरी कितीही स्वस्त दिली तरी परत ठेवा. नवशिक्याचा कान अजून घडायचा असतो, आणि तो या बासरीवर घडेल.

तार सा २५-३० सेंट उतरत असेल तर आतले बूच फुंकीच्या छिद्रापासून फार मागे गेलेले असू शकते. बूच आणि छिद्राचा मध्य यांत साधारण नळीच्या आतल्या व्यासाएवढे अंतर असते. ते जागेवर आणणे दुकानदाराचे काम, घरी पेन्सिलीने ढकलायचे नाही.

भेग, फुंकीची कड, आतली बाजू

बासरीवरचे दोरे नटवायला नसतात. बांबू उभा फाटतो, त्याला आवळून धरायला ते घट्ट गुंडाळतात. पण भेग लपवायलाही तेच दोरे सोयीचे. परीक्षा सोपी आहे: फुंकीची जागा रुमालाने पुसा, सहा छिद्रे बोटांनी आणि खालचे टोक तळहाताने बंद करा, फुंकीच्या छिद्राला ओठ लावून हवा आत ओढा. बासरी ओठांना चिकटून बसली आणि ओढ टिकली तर नळी शाबूत. ओढ लगेच सुटली तर कुठेतरी गळती आहे: बोट नीट बसलेले नाही, बूच ढिले आहे, नाहीतर भेग. सहाही छिद्रांवर सेलोटेप लावून पुन्हा बघा म्हणजे बोटांचा प्रश्न संपेल.

फुंकीच्या छिद्राची पलीकडची कड, जिच्यावर हवा आपटते, ती स्वच्छ आणि रेखीव हवी. तिच्यावरून अनामिका फिरवा. तंतू लागले, वॉर्निशचा थर जाड लागला किंवा कड गोलसर घासलेली वाटली तर सूर फुसफुसेल आणि तार सप्तक लवकर बोलणार नाही. बोटांची छिद्रे तापल्या सळईने पाडतात. त्यांच्या कडेला जळका खरखरीतपणा उरला असेल तर बोट पूर्ण बसत नाही आणि मंद्र सूर फाटतो. मग फोनचा टॉर्च खालच्या टोकातून आत मारा. आत गाठीचा उंचवटा किंवा लोंबते तंतू नकोत.

हिरवट झाक आणि आकाराच्या मानाने जास्त वजन म्हणजे कच्चा बांबू. तो वाळताना आकसतो, आज लावलेले सूर चार महिन्यांनी जागेवर नसतात.

इथे हमखास एक प्रश्न येतो. गडचिरोली-चंद्रपूरला बांबूची जंगलेच जंगले, मग आसामचा बांबू कशाला? आपल्याकडचा मुख्यतः मानवेल. जाड भिंतीचा, बुंध्याकडे जवळजवळ भरीव, पेरे आखूड. लाठी, शिडी, टोपल्यांना बेस्ट. बासरीला दोन-अडीच मिलिमीटर भिंतीचे, आत सरळ पोकळ आणि ई बेससाठी तीस इंचांपर्यंत अखंड पेर लागते. तसा बांबू आसामच्या सिल्चर भागातून येतो. उत्तर प्रदेशातल्या पिलीभीतचे बासरी बनवणारेही तोच वापरतात.

पैसे

जत्रेतली पन्नास-शंभराची बासरी सुरात निघाली तर नशीब. शिकण्याजोगी, ट्यूनरला लावलेली सी किंवा जी साधारण ६०० ते १५०० रुपयांत मिळते, ई बेसला त्याहून बरेच जास्त. पहिल्या बासरीवर याच्या पलीकडे खर्च करू नका. ती पडणार आहे, कोणीतरी तिच्यावर बसणार आहे. दहा वर्षांखालच्या मुलाला पीव्हीसी पाइपची नीट लावलेली बासरीही चालते. आवाजात बांबूची ऊब नाही, पण सूर पक्का आणि फाटण्याची भीती नाही. लोक तिला नाक मुरडतात, आम्ही मुरडत नाही.

मागवायची असेल तर बासरी कडक पाइपात घालूनच पाठवायला सांगा, आणि सूर चुकला तर बदलून मिळेल का हे पैसे देण्याआधी लिहून घ्या.

नागपूरचा उन्हाळा

शक्य असेल तर बासरी दिवाळी ते फेब्रुवारीत घ्या. दमट गावातून एप्रिलमध्ये आलेली बासरी इथल्या कोरड्या झळांत आठवड्यात तडकू शकते, कारण बाहेरचा थर झटकन आकसतो आणि आतला मागे राहतो. उन्हाळ्यातच आली तर पाइपासकट दोन-तीन दिवस घरात पडू द्या, मग काढा. पहिला आठवडा रोज दहा-पंधरा मिनिटांच्या वर वाजवू नका: फुंकीने आतून ओलावा, बाहेरून कोरडी हवा, अशा ओढाताणीतच भेग पडते.

खरा वैरी कूलर. त्याच्यासमोर बसून वाजवले की बासरीवर गार ओला वारा, खोलीबाहेर पडले की भट्टी. दिवसातून चार वेळा बांबू फुगतो, चार वेळा आकसतो. बासरी कापडी पिशवीत, पिशवी आतल्या भिंतीच्या कपाटात. कूलरच्या झोतात, खिडकीत, गाडीत आणि स्कूटीच्या डिकीत कधीही नाही.

तेल उन्हाळ्यात महिन्याला, एरवी दोन महिन्यांनी. मोहरीचे किंवा बदामाचे चार-पाच थेंब मऊ कापडावर घ्या, कापड काडीला बांधून आतून फिरवा, बाहेरून हलका हात, रात्रभर ठेवून सकाळी पुसून घ्या. फुंकीच्या कडेवर तेल साचू देऊ नका. खोबरेल नको, थंडीत आत थिजते. जवसाचे घरात असतेच, पण ते वाळून चिकट थर धरते, म्हणून घेतलेच तर नावाला. आणि वाजवून झाले की दर वेळी आतला ओलावा कोरड्या कापडाने काढा. पावसाळ्यात हे टाळले तर आत बुरशी येते.

वाजत नाही: बासरी खराब की हात?

पहिल्या पंधरा दिवसांत प्रत्येक घरात हे भांडण होते. निवाडा सेलोटेप करते. सहा छिद्रांवर टेप लावा आणि अलगद फुंका. मंद्र पंचम आला तर बासरी ठीक आहे, बोट गळते आहे, आणि दहातल्या नऊ वेळा ते खालच्या हाताची अनामिका असते. टेप लावूनही फुसफुस येत असेल आणि जाणकाराने फुंकल्यावरही तीच येत असेल, तेव्हाच दुकानात परत जा.

सुरुवात सहा बंदने करूच नका. एकही छिद्र बंद न करता नुसता सूर काढा, हा तीव्र मध्यम (चढा म). तो दहा सेकंद स्थिर राहिला की एक बंद ग, दोन बंद रे, तीन बंद सा. शुद्ध मध्यमासाठी पहिले छिद्र अर्धे झाकावे लागते, ते महिनाभर बाजूला ठेवा. चक्कर आली तर फुंक जास्त होते आहे. थांबा, पाणी प्या. दहा मिनिटांच्या दोन बैठका एका तासापेक्षा बऱ्या.

बारीक भेग पडलीच तर घाबरू नका. सुईच्या टोकाने भेगेत फेविक्विकचा अगदी पातळ थेंब सोडा, भेगेच्या दोन्ही टोकांच्या पुढे अर्धा इंच जाईल असा नायलॉनचा दोरा ताणून, वेढ्याला वेढा भिडवून गुंडाळा आणि हवा ओढण्याची परीक्षा पुन्हा घ्या. भेग फुंकीच्या छिद्रातून गेली असेल तर मात्र वेळ घालवू नका. बासरीची लांबी, आतला व्यास आणि छिद्रांची अंतरे कागदावर उतरवून ठेवा. हात ज्या मापावर बसला आहे, तेच माप पुढची मागवताना सांगता येते.